एक नग अल्टो सॅक्सोफोन खरेदी करणेबाबत

यवतमाळात निवृत्त माणसांचे काही ठरलेले प्रकार आहेत. काही जण शेतीकडे वळतात आणि पुढची वीस वर्षं कापसाच्या भावावर बोलतात. काही जण पहाटे फिरायला निघतात आणि न फिरणाऱ्यांना दिवसभर उपदेश करतात. आणि दर दोन-तीन गल्ल्यांत एक जण असा निघतोच, जो कॉलेजात असताना काहीतरी वाजवायचा. बासरी, माउथऑर्गन, अकॉर्डियन, काहीही. संसाराच्या धबडग्यात तो ते विसरून गेलेला असतो, निदान घरच्यांची तशी समजूत असते. पेन्शन सुरू झाली, वेतन आयोगाची थकबाकी खात्यात पडली, की त्याला आठवतं.

आमच्या गल्लीतल्या काकाजींना अल्टो सॅक्सोफोन आठवला.

काकाजींची सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयात खरेदीच्या टेबलावर गेली. ताडपत्र्या, फवारणी पंप, लोखंडी कपाटं, खुर्च्या. त्यामुळे ‘आपण एक सॅक्सोफोन घ्यावा’ असं साधं वाक्य त्यांच्या मनात आलंच नाही. आलं ते असं : ‘विषय : एक नग अल्टो सॅक्सोफोन खरेदी करणेबाबत.’ त्याच संध्याकाळी त्यांनी बाजारातून एक पुठ्ठ्याची फाइल आणली, तिला पांढरी नाडी बांधली आणि पहिल्या पानावर टिप्पणी लिहिली. संदर्भ क्रमांक एक : सौ. यांच्याशी झालेली चर्चा. संदर्भ क्रमांक दोन : कोरा.

ती फाइल मी पाहिली आहे. त्यांच्याकडे चहाला गेलेल्या प्रत्येकानं पाहिली आहे. पाहिल्याशिवाय चहा मिळत नाही. मध्यभागी तुलनात्मक तक्ता, आडवा कागद, लाल पेन्सिलीच्या रेघा. रकाने : मेक, देश, चाव्यांची संख्या, पॅड, पेटी, माउथपीस, वॉरंटी, शेरा. शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा. यामाहाच्या नवशिक्यांसाठीच्या मॉडेलपुढे : ‘उत्तम. परंतु लाखाच्या वर. सौ. यांना दाखवू नये.’ ज्युपिटर या तैवानच्या कंपनीपुढे : ‘उत्तम. वरीलप्रमाणे.’ इंटरनेटवर पंधरा-वीस हजारांत मिळणाऱ्या, कधीही नाव न ऐकलेल्या एका चिनी मालापुढे : ‘हातमोजे, पट्टा, पुसायचं फडकं, सर्व मोफत. संशयास्पद.’ मीरतच्या मालापुढे नुसतं : ‘पाहावं लागेल.’

हा शेवटचा शेरा वरवरचा नाही. आपल्याकडच्या लग्नांत जे पितळ वाजत आलं, त्यातलं बरंचसं मीरतहून येतं. तिथल्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनवणाऱ्यांची दुकानं ओळीनं आहेत, आणि त्यातली नादिर अली ही कंपनी १८८५ची. काकाजी हे साल अशा सुरात सांगतात, की जणू उद्घाटनाला ते हजर होते. ॲडॉल्फ सॅक्सचंही तसंच. हा बेल्जियमच्या दिनाँ गावचा कारागीर. त्यानं १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे होते लष्करी बँड. “म्हणजे वाद्य मुळातच सरकारी आहे,” असं काकाजी म्हणतात आणि आपल्याकडे पाहतात. आपण मान डोलवायची.

अल्टोच का, हा प्रश्न कुणी विचारू नये. विचारलाच तर बसायला खुर्ची घ्यावी. सोप्रानो दिसायला सरळ, सनईसारखा. पण सुरात ठेवायला महाकठीण, नवशिक्याला रडवतो. टेनर मोठा, वजनदार, फुंकही जास्त मागतो. अल्टो अडीच किलोच्या आसपास, बोटं जवळजवळ पडतात, नवा-जुना माल बाजारात सगळ्यात जास्त याचाच, म्हणून भावही त्यातल्या त्यात बरा. शिवाय मनोहारी सिंग. १९६४च्या ‘काश्मीर की कली’तला शम्मी कपूर म्हटलं, की लोकांना शम्मी कपूर आठवतो, काकाजींना त्या सिनेमाच्या गाण्यातला सॅक्सोफोन आठवतो आणि तो वाजवणाऱ्या मनोहारी सिंगांचं नाव ते कानाच्या पाळीला हात लावून घेतात. कुणी म्हणालं, की हे तर इंग्रजी बाजाचं वाद्य, तर त्याच्यासाठी कद्री गोपालनाथ तयार असतात. मंगळुराकडचा माणूस, वडील नागस्वर वाजवणारे, मुलानं म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवायचं ठरवलं. तेही अल्टोवरच. २००४ साली पद्मश्री. “आता बोल,” असं म्हणून काकाजी चहाचा घोट घेतात.

त्यांचं स्वतःचं वादन कॉलेजच्या बँडमधलं. वाद्य कॉलेजचं होतं. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला कपाटातून निघायचं आणि सही करून परत जायचं. एकदा ते स्पर्धेसाठी शकुंतलेनं, म्हणजे आपल्या मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रुळांच्या गाडीनं, घेऊन जायला मिळालं होतं. अंतर ११३ किलोमीटर आणि गाडीला घाई नावाची गोष्ट माहीत नाही, त्यामुळे वाटेत दोन गाणी बसली, असं ते सांगतात. दुसऱ्यांदा सांगताना तीन बसतात. आता ती गाडीही बंद आहे, त्यामुळे पडताळून पाहायची सोय नाही.

या प्रकारच्या माणसाचं एक लक्षण पक्कं. मुख्य वस्तू सोडून बाकी सगळं तो आधी घेतो. काकाजींकडे सॅक्सोफोन नव्हता तेव्हाही गळ्यातला पट्टा होता, स्टँड होतं, नळी पुसायचं दोरीचं फडकं होतं, कॉर्कला लावायचं ग्रीस होतं, एक बरा माउथपीस होता आणि दोन नंबरच्या दहा रीड्सचा डबा होता. दोन नंबर का? रीड म्हणजे माउथपीसला लावायची वेताची पातळ पट्टी. ती जितकी जाड तितकी फुंक अधिक, आणि इतक्या वर्षांनी वाद्य परत ओठांना लावणाऱ्यानं दीड-दोनपासूनच सुरुवात करावी, अडीचची फुशारकी मारू नये. हे सगळं त्यांना बरोबर माहीत होतं. रीड ओलं असावं लागतं, म्हणून ते खिशात एक ठेवत आणि दत्त चौकात चहाच्या टपरीवर गप्पा मारताना तोंडात धरत. कुल्फीवाला दोनदा चौकशी करून गेला, की ही कुणाकडची.

पट्ट्याचं तर वेगळंच झालं. घरात सवय व्हावी म्हणून तो गळ्यात घालून ते अंगणात फिरत. समोरच्या आजींनी विचारलं, “मान धरली का जी?” काकाजी हो म्हणाले. कारण मान खरंच धरली होती, मणक्याचा त्रास जुनाच. टेनर नाकारण्यामागचं खरं कारणही तेच. फाइलमध्ये ते ‘तांत्रिक कारणास्तव’ असं नोंदवलेलं आहे.

पण सगळ्यात मोठी तांत्रिक अडचण होती ती दातांची. सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकतात, खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून रीडला गादी करतो. काकाजींचे वरचे दात गेल्या दिवाळीपासून कवळीचे. फुंकलं, की कंप सुटतो, कंपानं कवळी सुटते. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. काकाजी माउथपीस आणि रीड घेऊन दंतवैद्याकडे गेले आणि म्हणाले, कवळी याच्या मापानं बसवा. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, वाजवून दाखवा. आता ज्यांनी नुसता माउथपीस ऐकलेला नाही त्यांना सांगतो, वाद्य न जोडता फुंकलं तर त्यातून जो आवाज निघतो तो संगीतात मोडत नाही. बंद दाराआडून तो आवाज आला, खुर्चीवर बसलेला माणूस दिसत नव्हता, आणि बाहेर ताटकळलेल्या पेशंटांपैकी दोघांनी आपली दाढ आता दुखत नसल्याचं कंपाउंडरला कळवलं. माउथपीसवर चिकटवायची रबराची पातळ पट्टी मिळते, तिनं काम भागलं. पट्टीची पावती फाइलला लावलेली आहे.

‘तत्त्वतः मान्य आहे’ हे काकाजींचं आवडतं वाक्य. काकूंनी भाजीला काय आणता विचारलं, तरी भेंडी तत्त्वतः मान्य असते. सॅक्सोफोन तत्त्वतः कधीच मान्य झाला होता. अडलं होतं तीन दरपत्रकांवर. तीन दरपत्रकं आल्याशिवाय खरेदी करायची नाही, हा त्यांचा धर्म. ‘घाई नाही, पण सोडायचं नाही’ हे दुसरं वाक्य. काकू एकदा कातावून म्हणाल्या, “मले पाह्याले आले होते तवा येका च्यावर हो म्हणून गेले. अन् या पितळीसाठी फाइल!” काकाजी शांतपणे म्हणाले, “तेव्हा मी परमनंट नव्हतो.”

नागपूरला ते अनेकदा जाऊन आले. कळंबला चिंतामणीला बसमधूनच हात जोडायचे आणि वर्ध्यात चहा घ्यायचा. पासष्टी उलटल्यामुळे एसटीचं अर्धं तिकीट. तेही ‘प्रवासखर्च’ म्हणून नोंदवलेलं. दुकानात गेले, की खिशातून दिवाळीची बारक्या दिव्यांची माळ काढायचे. दुकानदार दचकायचा. पण ही युक्ती खरी आहे, आणि जुना-स्वस्त सॅक्सोफोन घेणाऱ्यानं जरूर करावी. अंधाऱ्या कोपऱ्यात माळ वाद्याच्या नळीत सोडायची, एकेक चावी हलकी दाबायची. वीस-पंचवीस चामडी पॅड असतात. ज्या पॅडच्या कडेनं उजेड दिसेल तिथून हवा गळते. हवा गळली, की खालचे सूर निघत नाहीत, आणि शिकणारा बिचारा समजतो, आपल्यालाच फुंकता येत नाही. निम्मे लोक याच गैरसमजात वाद्य माळ्यावर टाकतात. आपल्याकडचा मे महिना, पंचेचाळीस डिग्री, पत्र्याखालचा माळा. चामडं वाळून कडक होतं, कॉर्क सुकतो, आणि पुढच्या पिढीला मिळतो तो शोभेचा नग.

एकदा एका दुकानात वाद्य बरं निघालं, भावही जमला. काकाजींनी फुंकलं, सूर लागला, दुकानातला पोऱ्या टाळ्या वाजवायला लागला. काकाजी घामाघूम, डोळ्यांत पाणी. मग म्हणाले, “दुसरं दरपत्रक आलं की कळवतो.” आणि यवतमाळची गाडी पकडली.

शेवटी अडलेली फाइल हलवली ती एका बँडमास्तरानं. दारव्ह्याकडचा माणूस. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत लाल कोट, सोनेरी झालर, टोपीला तुरा. उरलेले महिने शेतमजुरी. लग्नात डीजे आले, धुमाल आली, तसा बँड आटत गेला, आणि पंधरा जणांच्या पार्टीतले सहा उरले. पेटीत एक अल्टो पडून होता. मीरतचा, लॅकर पार उडालेला, आणि घंटेसारख्या तोंडाला मोठा पोचा. पोचा कशाचा, विचारलं. “नवरदेवाच्या घोड्याचा,” मास्तर म्हणाले. “त्याले हा सूर पसंत नोता.”

काकाजींनी चष्मा लावला. पॉलिश कुठे उरलंय ते पाहू लागले. मास्तर म्हणाले, “काकाजी, पॉलिशचं काय घेऊन बसले? पॉलिश कानाले आयकू येते का? फुका.” काकाजींनी जोर लावून फुंकलं. “तसं नाई. जोरात तं पिपाणी बी वाजते. अगदी खालचा सूर घ्या, अन् हळू. खालचा सूर हळू निघाला तं वाजा चांगला.” सूर अर्धा निघाला, अर्धा पोच्यातून गेल्यासारखा वाटला. मास्तरांनी वाद्य हातात घेतलं, दोन चाव्यांच्या स्प्रिंगा नखानं चाचपल्या, माउथपीस गळ्यावर थोडा आत सारला आणि तोच सूर इतका हळू काढला, की अंगणातली कोंबडी जागची हलली नाही. मग सांगितलं : नळी सरळ आहे, चाव्या वाकलेल्या नाहीत, पॅड मात्र सगळे बदला, नागपूरला बदलून मिळतील, त्याला वेगळे पैसे ठेवा. पोचा काढू नका. त्यानं काही बिघडत नाही, उगाच पैसे जातील.

आजवर कंपन्यांची माहितीपत्रकं, इंटरनेटवरचे व्हिडिओ, दुकानदार, यांच्याकडून जे काकाजींनी गोळा केलं होतं, त्यातलं खरं तेवढं मास्तरांनी एका दमात सांगून टाकलं. मला विचाराल तर नवशिक्यानं वाद्य घ्यायच्या आधी बँडमध्ये वाजवणारा एक माणूस शोधावा आणि त्याला जेवायला बोलवावं. यवतमाळ जिल्ह्यात असे अजून सापडतात. पुसद, दिग्रस, उमरखेड, वणी, कुठेही लग्नाच्या तिथीला उभे राहा. नव्या चकचकीत पेटीपेक्षा पॅड बदललेलं जुनं वाद्य आणि एक चांगला माउथपीस, यात पैसा जास्त कारणी लागतो. स्वस्त नव्या नगाची चावी वाकली, तर सरळ करायला माणूस कुठून आणणार?

तर भाव ठरला. नऊ हजार. काकाजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, “तत्त्वतः मान्य आहे. फक्त दरपत्रक लागेल.”

“दरपत्रक?” मास्तर म्हणाले. “मी सुपारी घेतो जी. दरपत्रक नाई देत.”

“तीन लागतील.”

मास्तरांनी काकाजींकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, या परवा.

परवा तीन दरपत्रकं तयार होती. एक मास्तरांच्या बँडचं, नऊ हजार. दुसरं त्यांच्या साळ्याच्या बँडचं, अकरा हजार. तिसरं भाच्याच्या बँडचं, साडेबारा. तिन्ही एकाच वहीच्या पानांवर, एकाच निळ्या शाईत, आणि तिन्हींत ‘सॅक्सोफोन’मधला ‘फ’ सारखाच चुकलेला. काकाजींची हयात असे कागद ओळखण्यात गेली होती. खरेदीच्या टेबलावरून असली दरपत्रकं त्यांनी कैकदा परत पाठवली असतील, असं मला वाटतं. त्यांनी ते कधी सांगितलं नाही. त्यांनी तिन्ही कागद नीट वाचले, तक्त्यात तीन आडव्या ओळी भरल्या, सर्वांत कमी दराखाली रेघ मारली आणि सही केली. शेरा : ‘किमान दर. मान्य.’ तत्त्वतः हा शब्द त्या शेऱ्यात नाही. मी मुद्दाम पाहिलं.

पॅड बदलून आले. आता वाद्य घरात आहे, पोच्यासकट. पहिल्या आठवड्यात काकाजींना दोन मिनिटांनी धाप लागायची, आता एक मुखडा निघतो. अंतरा सुरू करायच्या आधी ते बसतात, पाणी पितात, कवळी चाचपतात आणि मग अंतरा. ऐकणाऱ्यानं मधल्या काळात वर्तमानपत्र वाचावं.

गुरुवारच्या भजनात मात्र फजिती झाली. पेटीवाल्यानं पांढरी एक धरली, काकाजींनी सॅक्सोफोनवर सी धरला, आणि खंजिरीवाला वाजवायचा थांबला. अल्टोचं गणित असं आहे, की बोटं सी धरतात आणि ऐकू येते काळी दोन. पांढरी एकला मिळायचं तर काकाजींनी ए धरायला हवा. पेटीवाला हताश होऊन म्हणाला, “काकाजी, तुमचा सा आहे तरी कुठं?” काकाजी म्हणाले, “कागदोपत्री सी आहे. प्रत्यक्षात काळी दोन.” नोकरीभर दोन हिशेब सांभाळलेल्या माणसाला हे अजिबात विचित्र वाटलं नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनी पांढऱ्या-काळ्यांचा तक्ता करून आणला, त्याच्या झेरॉक्स वाटल्या, आणि भजन खरोखर जुळलं. खंजिरीवाल्यानं शेवटी स्वतःहून लय वाढवली. काकाजींना ती झेपली नाही, पण पट्टा सावरत ते हसत होते.

गल्लीची तक्रार म्हणाल, तर आहेही आणि नाहीही. कुत्री सरावली. काकू त्या वेळेत दळण आणायला जातात. फाटकावर काकाजींनी सूचना लावली आहे, तीच इथे देतो, कारण त्या बाजूनं जाणं झालं तर उपयोगी पडेल. सरावाची वेळ सायंकाळी ५ ते ६. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात सराव बंद. फर्माईश स्वीकारली जात नाही. तक्रार असल्यास लेखी द्यावी, दोन प्रतींत. पोच मिळेल.